प्रदर्शनात मला विचारले जाणारे प्रश्न

गेली २२ वर्षं मी चित्रं काढते, लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, ठसे कोरून छापते, हाताने वह्या बांधते आणि वर्षातून दोनदा घराच्या आसपासच प्रदर्शन मांडते. लोक चित्रासमोर उभे राहून प्रश्न विचारतात, उत्तर अर्ध्यावर आलं की दुसरं कुणी येतं, आणि राहिलेलं राहूनच जातं. ते सगळं इथे सविस्तर लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेक उत्तरं फिरून तिच्यापाशीच येतात. जवळपास प्रदर्शन करणाऱ्याला चित्र घेतलेला माणूस पुन्हा भेटतो. रस्त्यात, रांगेत, पुढच्या प्रदर्शनात. भेटला की तो चित्राबद्दल बोलतोच. रंग कोणते वापरायचे, किंमत किती लावायची, फ्रेमच्या मागे काय लिहायचं, हे मी त्या भेटीचा विचार करून ठरवते.

हे चित्र काढायला किती वेळ लागला?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. ५६ बाय ३८ सेंटिमीटरचं जलरंगातलं चित्र असेल, तर कुंचला हातात धरल्यापासून खाली ठेवेपर्यंत साधारण अडीच तास. त्याहून जास्त वेळ घ्यायचा म्हटलं तरी घेता येत नाही, कारण वेळ कागद ठरवतो. ओला कागद आधी आरशासारखा चमकतो. हळूहळू ती चमक मंद होते आणि मग जाते. मंद असताना लावलेला रंग मऊ कडेने पसरतो. ढग, धुकं, लांबची झाडं तेव्हाच करून घ्यायची. चमक जायच्या बेतात असताना कुंचल्यातून पाण्याचा एक जरी जास्तीचा थेंब पडला, तर तो आधीचा रंग पुढे ढकलत जातो आणि वाळल्यावर तिथे दातेरी कडेचा डाग उमटतो. तो पुसून जात नाही. म्हणून ते अडीच तास मी जागेवरून उठत नाही आणि फोनही घेत नाही.

पण त्याच्याआधी त्याच विषयाची चार-पाच छोटी रेखाटनं झालेली असतात. दोन-तीन कागद बाजूला पडलेले असतात. नंतर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापायचा, फ्रेम करायची, फोटो काढून नोंदवहीत चढवायचं. हे सगळं धरलं तर चार दिवस होतात. लोकांना अडीच तास ऐकून आश्चर्य वाटतं, म्हणून हल्ली मी दोन्ही आकडे सांगते.

पूर्णवेळ हेच करता का? घर चालतं का यावर?

आता पूर्णवेळ करते. पहिली नऊ वर्षं नोकरी होती, आणि ती होती म्हणूनच मला हवी तशी चित्रं काढता आली. नोकरी करणारा तो खरा चित्रकार नव्हे, असं कुणी म्हणालं तर मला मनापासून वाईट वाटतं. फ्रेंच चित्रकार आंरी रूसो पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीला होता. परीक्षक-मंडळ न ठेवता सगळ्यांना चित्रं लावू देणारं एक प्रदर्शन तिथे १८८४ साली सुरू झालं होतं. त्यात तो १८८६ पासून चित्रं मांडत होता. नोकरी सोडली ती १८९३ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी.

माझी मिळकत तीन ठिकाणांहून येते: चित्रं, वह्या आणि छापील कामं, आणि शिकवणी. चित्रांचं काही खरं नसतं. एका महिन्यात पाच जातात, मग तीन महिने एकही नाही. वह्या थोड्या थोड्या, पण सतत खपतात. शिकवणीचे पैसे ठरलेले. या तिन्हींचा हिशोब मी वेगवेगळा लिहिते, नाहीतर चांगल्या महिन्यात वाटतं की सगळंच छान चाललंय. आठवड्यातला निम्मा वेळ रंगकामाचा, बाकीचा कापणं, चिकटवणं, बांधणं, पत्रव्यवहार आणि हिशोब यांत जातो. ज्याला या रस्त्याने यायचं आहे त्याने हे निम्मं-निम्मं आधीच मनाशी धरावं.

हे रंग टिकतील का?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

सुरुवातीच्या काळात मी बोगनवेलीचं एक चित्र विकलं होतं. फुलांसाठी भडक, चकाकणारा गुलाबी वापरला होता. कागदावर तो दिव्यासारखा पेटायचा. सात वर्षांनी काही दुसऱ्याच कामासाठी त्या बाईंच्या घरी गेले. चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं. पानं हिरवीगार, फांद्या ठसठशीत, आणि फुलांच्या जागी राखेसारखे फिकट डाग. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी फ्रेम उघडली. माउंटच्या कडेखाली झाकलेली चारेक मिलिमीटरची पट्टी तशीच होती, पहिल्या दिवसासारखी गुलाबी. ती पट्टी बघून बाईंना कळलं की आपण काय घेतलं होतं आणि आता काय उरलंय. मी ते चित्र परत घेतलं आणि क्विनॅक्रिडोन या टिकाऊ रंगद्रव्याचे रंग वापरून नवीन करून दिलं. जुनं माझ्याकडे आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते माउंटची कड उचलून दाखवते.

तेव्हापासून ट्यूबच्या पुढच्या बाजूचं गोड नाव मी वाचत नाही, मागचा बारीक मजकूर वाचते. तिथे रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक असतो. 'अलिझरिन क्रिमझन' नावाच्या गडद लाल रंगाच्या ट्यूबवर पीआर ८३ असेल, तर तो उजेडात, विशेषतः पातळ थरात, उडणारा रंग आहे. त्याच्या जवळपासची छटा पीव्ही १९ किंवा पीआर १७७ मध्ये मिळते आणि ती कितीतरी टिकाऊ असते. त्याशेजारी प्रकाशात टिकण्याची प्रतही दिलेली असते: कुठे चांदण्या, कुठे रोमन आकडे, तर कुठे ८ पैकी गुण. ८ गुणांच्या मोजपट्टीत ७ आणि ८ चांगले. रोमन आकड्यांत पहिला आणि दुसरा चांगला. हे दोन उलट दिशेने जातात, त्यामुळे गोंधळ होतो.

मोठमोठ्यांच्या बाबतीतही हे घडलं आहे. व्हॅन गॉगने १८८८ साली आपल्या शयनगृहाचं चित्र केलं, तेव्हा भिंती फिकट जांभळ्या असल्याचं त्याने पत्रात लिहिलं होतं. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा रंग उडाला आणि निळा मागे राहिला.

घरच्या घरी तपासायचं असेल तर कागदाच्या पट्टीवर रंग लावा, पट्टी मधोमध कापा, अर्धी उन्हाच्या खिडकीत चिकटवा आणि अर्धी पुस्तकात ठेवा. तीन-चार महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा. नवीन ट्यूब आणली की मी आजही हे करते. आता माझ्या पेटीत चौदाच रंग आहेत, आणि त्या चौदांबद्दल मी कुणालाही शब्द देऊ शकते.

सुरुवात कशाने करावी: जलरंग, ॲक्रिलिक की तैलरंग?

जे हातात घ्यावंसं वाटतं त्याने. जलरंगाला जागा कमी लागते, पण चूक झाकता येत नाही. ॲक्रिलिक लवकर वाळतं, त्यामुळे एका बैठकीत थरावर थर चढतात. कुंचला मात्र लगेच धुवावा लागतो, एकदा वाळला की गेला. तैलरंग सावकाश वाळतो आणि दुसऱ्या दिवशीही कड मऊ करू देतो. एक लक्षात ठेवा: जलरंग वाळल्यावर फिका होतो, ॲक्रिलिक किंचित गडद होतं. तैलरंगाचं काम ॲक्रिलिकच्या थरावर करता येतं, उलट करू नका. तेलावर ॲक्रिलिक नीट धरत नाही.

पैसे कमी असतील तर रंग कमी घ्या, पण कागद चांगला घ्या. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पूर्ण सुती कागद. हलक्या कागदाला पाणी लागलं की तो लाटांसारखा फुगतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच हात वाईट आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा 'हात' नुसता कागद बदलल्यावर सुधारला आहे.

किंमत कशी ठरवता?

मापावर. लांबी आणि रुंदी यांची बेरीज करायची आणि तिला एका ठरलेल्या दराने गुणायचं. काही जण क्षेत्रफळ धरतात, पण तसं केलं की मोठी चित्रं अवाच्या सव्वा महाग होतात आणि छोटी फुकटात जातात. त्यात फ्रेमचा खर्च वेगळा मिळवते. दर वर्षातून एकदा बघते. वाढवला तर सगळ्याच चित्रांना वाढवते.

माझं लाडकं चित्र असलं म्हणून ते महाग नाही, आणि माझ्या मनातून उतरलं म्हणून स्वस्तही नाही. मनातून पार उतरलेलं चित्र मी भिंतीवर लावतच नाही.

गॅलरीत तीच किंमत, घरी येऊन घेतलंत तरी तीच. गॅलरी विक्रीतला ३० ते ५० टक्के वाटा ठेवते. त्या बदल्यात जागा, उजेड, निमंत्रणं आणि दिवसभर तिथे बसणारं माणूस देते. गॅलरीत बघायचं आणि पाठीमागून चित्रकाराकडे स्वस्तात घ्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय वर म्हटलं तसं, इथे सगळे सगळ्यांना भेटतात. एकाने कमी दिले आणि शेजारच्याने जास्त, हे आठवड्याभरात कळतं, आणि जास्त देणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं.

थोडं कमी करा ना?

नाही करत. हप्त्याने मात्र जरूर देते, तीन किंवा चार हप्ते. एकाही माणसाने आजवर हप्ता बुडवलेला नाही. बजेट अगदीच कमी असेल, तर माझ्याकडे पोस्टकार्डाएवढी चित्रं असतात. तीही तेवढ्याच मन लावून केलेली असतात आणि त्याच चौदा रंगांची असतात.

तुम्ही चित्रकार आहात, मग वह्या का बांधता?

कारण मला ते आवडतं, आणि त्यातून चित्रासाठी पण शिकायला मिळतं.

वह्यांनी मला कागदाचा 'रोख' शिकवला. यंत्रावर कागद बनतो तेव्हा त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला लागतात. ओल लागली की कागद त्या दिशेला आडवा फुगतो. मी बांधलेल्या पहिल्या २० वह्यांमध्ये रोख कण्याला काटकोनात गेला होता. पाठीला खळ लागली आणि सगळ्या वह्यांच्या पाठी लाटेसारख्या वाकड्या झाल्या; पानं उलटताना कुरकुरायची, मिटल्यावर नीट बसायची नाहीत. तंतू कण्याला समांतर हवेत. ओळखायचं सोपं आहे: पूर्ण कागद मधून न दुमडता नुसता हलकेच वाकवा, तळहाताने दाबून बघा, मग फिरवून दुसऱ्या बाजूने. ज्या बाजूने कागद विरोध न करता वळतो, त्या वळणाच्या रेषेत रोख असतो. चांगल्या रोखाची वही उघडली की पानं आपसूक खाली पडून राहतात. माझ्या वह्या घ्यायला आलात तर आधी उघडून मधल्या पानावर हात फिरवा.

लिनोचंही तसंच. लिनोलियम हे जवसाचं तेल घट्ट होऊ देऊन, त्यात बुचाच्या झाडाचा भुगा वगैरे मिसळून करतात. १८६० च्या दशकात ते फरशीसाठी निघालं. तेच जवसाचं तेल तैलरंगातही असतं. थंडीत लिनो कडक होतं आणि कोरताना पटाशी निसटते, अशा वेळी ते थोडं ऊबेत ठेवलं की लोण्यासारखं कापलं जातं. पटाशी नेहमी हातापासून पुढे ढकलायची, आणि दुसरा हात तिच्या मागे ठेवायचा, कधीच पुढे नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण हा नियम मोडल्याचा आहे.

हे तर प्रिंट आहे, मग मूळ चित्र कुठे आहे?

लिनोच्या कामाला वेगळं मूळ नसतं. कोरलेला ठसा हे साधन, आणि त्यावरून हाताने शाई लावून, दाब देऊन काढलेली प्रत्येक प्रत मूळच. खाली डावीकडे पेन्सिलीने ७/३० असं लिहिलेलं दिसेल: एकूण ३० प्रती, त्यातली ही सातवी. ३० झाल्या की मी ठशावर आडवी रेघ कोरते, म्हणजे एकतिसावी निघू शकत नाही.

जलरंगाच्या चित्राचा फोटो काढून यंत्रावर छापलेली प्रत हा वेगळा प्रकार आहे. तीही माझ्याकडे मिळते, पण तिच्यावर मी 'छापील प्रतिकृती' असं स्पष्ट लिहिते. या दोन्ही गोष्टींची सरमिसळ करणं म्हणजे घेणाऱ्याला अंधारात ठेवणं आहे.

मलाही प्रदर्शन करायचंय. कुठून सुरुवात करू?

ग्रंथालयाच्या भिंतीपासून. शाळेचं सभागृह, दवाखान्याची मोठी मार्गिका, एखाद्या मित्राचं कार्यालय, यांतलं काहीही चालेल. नामांकित दालनाची वाट बघत बसू नका. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, देगा, पिसारो, बर्थ मोरिसो वगैरे तीसेक कलाकारांनी अधिकृत प्रदर्शनाची वाट सोडून एका छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. ते रात्री ८ ते १० या वेळेतही उघडं असे. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसभर राबणारा माणूस संध्याकाळनंतरच येऊ शकतो. माझी निम्मी विक्री शेवटच्या दीड तासात होते.

जागा ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: विक्रीतला त्यांचा वाटा किती, चित्र फुटलं किंवा चोरीला गेलं तर जबाबदारी कुणाची, भिंतीला खिळा मारता येतो का, आणि पैसे किती दिवसांत मिळणार. हे न लिहिता मी एकदा काम दिलं आणि तीन चित्रांचे पैसे मिळायला चौदा महिने फेऱ्या मारल्या. समोरची माणसं वाईट नव्हती. कागदावर काहीच नव्हतं, एवढंच झालं होतं.

चित्रं निवडताना स्वतःवर कठोर व्हा. १२ चित्रांची जागा असेल तर १२ च लावा, १८ नको. लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर आला पाहिजे. फ्रेमच्या मागे कड्या वरून एक तृतीयांश अंतरावर लावा. खूप खाली लावल्या तर फ्रेम पुढे झुकते. एका खिळ्यापेक्षा दोन चांगले, चित्र तिरकं होत नाही. दिवा समोरून सरळ नको, वरून तिरका हवा, नाहीतर काचेत चित्राऐवजी बघणाऱ्याचा चेहरा दिसतो. सगळं लागलं की दारापाशी जा, परत आत या आणि पहिलं कोणतं चित्र दिसतं ते बघा. ते चित्र बदलावंसं वाटलं तर त्याच वेळी बदला.

आणि तिथे बसा. खुर्ची कोपऱ्यात ठेवा, हातात काहीतरी काम घ्या. मी वही शिवत बसते. माणूस काम करतंय असं दिसलं की लोक मोकळेपणाने जवळ येतात आणि आपणहून बोलायला लागतात.

एकही चित्र गेलं नाही तर?

माझं तिसरं प्रदर्शन तसंच गेलं. नऊ दिवस, शून्य विक्री. घरी येताना सगळी चित्रं जाताना होती त्याहून जड वाटत होती. पण अभिप्रायाच्या वहीत ४० जणांनी आपलं नाव आणि पत्ता लिहिला होता. पुढच्या प्रदर्शनाआधी मी त्या ४० जणांना हाताने लिहून कार्डं पाठवली. त्यातले ११ जण आले आणि तिघांनी चित्रं घेतली. अभिप्रायाची वही ठेवा, पेन दोरीने बांधून ठेवा.

चित्राचा फोटो काढला तर चालेल?

स्वतःसाठी काढा, आनंदाने काढा. कार्ड, कॅलेंडर, कपडे यांवर छापायचं असेल तर आधी विचारा. चित्र विकत घेतल्यावरही त्याच्या प्रती काढण्याचा हक्क बहुतेक देशांत चित्रकाराकडेच राहतो, तो वेगळा लिहून दिला तरच दुसऱ्याकडे जातो.

आमच्या घराचं चित्र काढून द्याल?

हो. आधी मी तिथे येऊन तासभर बसते, फोटोवरून करत नाही. फोटोत सावल्या काळ्या पडतात, आणि घरातल्यांना प्रिय असलेलं काही नेमकं चौकटीबाहेर राहतं. मग दोन छोटे कच्चे नमुने दाखवते, एक तुम्ही निवडायचा. निम्मी रक्कम त्या वेळी. नमुना ठरल्यावर 'इथे एक झाड घाला' म्हणालात तर नम्रपणे नाही म्हणेन.

घरी नेल्यावर काळजी काय घ्यायची?

थेट ऊन नको, न्हाणीघरालगतची ओली भिंत नको. संग्रहालयांत कागदावरची कामं साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवतात. घरात तेवढा अंधार करायची गरज नाही, खिडकीच्या समोरची भिंत टाळली तरी पुष्कळ झालं. काच पुसताना फवारा काचेवर मारू नका, फडक्यावर मारा, नाहीतर पाणी कडेतून आत उतरतं. काच आणि चित्र यांत माउंटमुळे जी फट असते ती राहू द्या. फ्रेम बदलायला दिलीत तर तसं बजावून सांगा. काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी येते. तैलरंगाचं चित्र सुरुवातीला व्हार्निशशिवाय असेल, सहा ते बारा महिन्यांनी परत आणा, मी लावून देईन.

घरातच काम करता, त्रास नाही होत?

काही काळजी घ्यावी लागते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. मी ती पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या डब्यात ठेवते. कॅडमियमचे रंग वाळल्यावर पॉलिश कागदाने घासायचे नाहीत, धूळ नाकात जाते. ॲक्रिलिकचं पाणी मोरीत ओतत नाही. बादलीत गाळ बसू देते आणि तो वाळवून कचऱ्यात टाकते. खिडकी उघडी असते.

जुनं चित्र तपासून द्याल?

माझं असेल तर केव्हाही आणि विनामोबदला. प्रत्येक चित्राच्या मागे माझ्या अक्षरात लेबल असतं: नाव, वर्ष, कागद आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक.

मागच्या प्रदर्शनात एक तरुण मुलगी जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आली. तिच्या आजीने माझं नदीचं चित्र १६ वर्षांपूर्वी घेतलं होतं. आजी गेल्या, आणि चित्र तिच्या वाट्याला आलं. माउंट पिवळा पडला होता, एक कडी गंजली होती. आम्ही दोघींनी मिळून मागची पट्टी सोडवली. लेबलखाली आजींनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती, चित्र घेतल्याची तारीख आणि "पाऊस होता". मी माउंटची कड उचलून बघितली. झाकलेला निळा आणि उघडा निळा, दोन्ही सारखेच होते. नवीन माउंट कापला, कडी बदलली, आणि आजींची ओळ असलेलं लेबल होतं तसं परत मागे लावून दिलं.